डबा तयार होण्याआधी

डबा तयार व्हायला वेळ लागायचा. किती, ते ठरलेलं नव्हतं. कधी मनात शंभर मोजून होईपर्यंत, कधी दोनशे. तेवढं थांबायचं आणि मगच बटण दाबायचं, एवढंच माझं काम होतं. तेवढंच मी नीट केलं नाही.

महापे एमआयडीसीत एका लहानशा कंपनीत मी कामाला होते. कंपनीची नाही, कंत्राटदाराची माणूस. नव्या इमारतींत दरवाज्यांना फोनवरून उघडणारी कुलपं लावतात, त्या कुलपाच्या आत बसणारा साबणाच्या वडीएवढा डबा आमच्याकडे यायचा. डब्याच्या आत एक बारका कॉम्प्युटरच असतो म्हणे. आम्ही पाच जणी पाच टेबलांवर बसून त्याला वायर जोडायचो. वायर जोडली की समोरच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर धावायच्या आणि एका ठिकाणी थांबायच्या. मग काही नाही. बघत बसायचं. बऱ्याच वेळानं आणखी एक ओळ यायची. तिच्या शेवटी चार अक्षरांचा एक शब्द असायचा. इंग्रजी मला येत नाही, गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले तेवढंच. पण त्या शब्दाचा आकार पाठ झाला होता. पहिलं अक्षर काठीला पोट आल्यासारखं, दुसरं पुरीसारखं गोल. तो शब्द आला म्हणजे डबा तयार. मग टिकलीचं बटण दाबायचं.

टिकली खरोखरची. कीबोर्डवर सगळी बटणं सारखीच दिसायची, म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईनं पहिल्याच दिवशी स्वतःच्या कपाळाची काढून त्या बटणावर चिकटवली आणि म्हणाली, "घ्या, लगीन लावला त्याचा." मग पाचही टेबलांवर टिकल्या लागल्या. ते बटण दाबलं की डबा स्वतःची किल्ली बनवायचा. लोखंडाची नाही, आकड्यांची. हिरवा दिवा लागायचा, बाजूच्या यंत्रातून स्टिकर बाहेर यायचा, तो चिकटवून डबा खोक्यात ठेवायचा.

शिकवायला आलेल्या माणसानं दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. थांबायचं असेल तेव्हा कीबोर्डची कुठलीही बटणं दाबत राहा, डबा लवकर तयार होतो. आणि ती ओळ येण्याआधी टिकलीचं बटण दाबू नका.

"दाबला तर काय होल?" शेजारणीनं विचारलं.

"चुकेल," तो म्हणाला आणि गेला. काय चुकेल, कसं कळेल, ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

ही शेजारीण तळवली गावची, आगरी. तिच्या सासऱ्यांची शेती आणि मिठागर गेलं, बदल्यात मिळालेल्या जागेवर चाळ बांधली, त्या चाळीत आमची खोली. म्हणजे ती माझी घरमालकीणसुद्धा. तिला कामाची गरज नव्हती असं नाही, पण घरात बसवत नाही म्हणून यायची. तिच्याच ओळखीनं मला काम मिळालं. ती बटणं अशी दाबायची जशी सुकटीवरचे कावळे हाकलते आहे, आणि डब्याशी बोलायची. "उठ रं बाला, शालंची घंटा झाली." सगळ्या हसायच्या. सुपरवायझर म्हणायचे, "ताई, तोंड कमी, हात जास्त." त्यावर ती, "सायेब, तोंड बंद ठेवला तं हात पन बंद परल." मी हसायचे, पण आवाज न करता. मला चारचौघांत बोलता येत नाही. लहानपणापासून असंच आहे. दुकानात सुटे पैसे कमी आले तरी मी तशीच घरी येते.

माझ्या नवऱ्याचा आठ महिन्यांपूर्वी वाशीच्या मार्केटात पाठीवर कांद्याची गोणी घेऊन उतरताना फळीवरून पाय सरकला. गोणी वर आणि ते खाली. कमरेखाली काही उरलं नाही. मोठ्या हॉस्पिटलात दोन महिने होते, मग घरी आणले. डॉक्टरांनी मला सगळं शिकवलं. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी भरायच्या आत रिकामी करायची, नाहीतर लघवी उलटी चढते, ताप येतो. एकदा तसा ताप आला होता. अंग इतकं थरथरत होतं की लोखंडी कॉट वाजत होती. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर वाचवणं अवघड आहे." हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नाही, नवऱ्यासमोरच सांगितलं.

सकाळी मी पिशवी रिकामी करून निघायचे. दुपारपर्यंत ती भरत यायची. जेवणाची सुट्टी अर्धा तास. कंपनीपासून आमची खोली चालत वीस मिनिटं, हायवेवरचा पूल चढून उतरून. पळत गेले तरी तेरा-चौदा. जाणं, येणं, पिशवी, कूस, चार घास भरवणं. अर्ध्या तासात हे बसत नाही. पाऊण तास लागतोच.

म्हणजे पाव तास आधी सुटायला हवं. सुपरवायझरांना सांगायला हवं होतं, की माझ्या घरी असं असं आहे, मला दुपारी पाव तास जास्त द्या, मी संध्याकाळी भरून काढीन. मी हे वाक्य रोज पुलावरून येताना मनात जुळवायचे. गेटच्या आत आले की ते वाक्य कुठं जायचं कळायचं नाही. एकदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले. त्यांनी वर बघितलं. "काय मावशी?" मी म्हणाले, "स्टिकरचा रोल संपलाय." रोल संपला नव्हता.

नियम असा होता, की दुपारपर्यंतचं खोकं ज्या बाईचं भरलं ती उठली तरी कुणी काही बोलत नसे. खोकं भरलं की सुटका. म्हणून मी हात चालवायला लागले. वायर लवकर जोडायची, स्टिकर लवकर लावायचा. पण डब्याच्या तयार होण्याला घाई करता येत नव्हती. ती ओळ तिच्या मर्जीनं यायची.

दाराजवळचं टेबल शेजारणीचं होतं. तिनं माझी तगमग पाहिली होती. एक दिवस स्वतःच उठली. "तू इथं बस. दरवाजा जवल हाय, पलायला सोपा. मी बसतो तुजे जाग्यावर." सुपरवायझरांच्या वहीत मात्र ते टेबल तिच्याच नावावर राहिलं. कुणाला बदलायचं सुचलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ते घडलं. पदरात बांधलेला फोन वाजला. आमचं ठरलं होतं, पिशवी फार भरली तर त्यांनी मिस्ड कॉल द्यायचा. एकच रिंग वाजून बंद झाला. मी दचकले आणि हात टिकलीवर पडला. ओळ आली नव्हती. मी डोळे मिटून घेतले, आता काहीतरी जळेल, घंटा वाजेल. काही झालं नाही. हिरवा दिवा लागला. स्टिकर बाहेर आला. तसाच, बाकीच्यांसारखा. मी तो चिकटवला.

दुसऱ्या दिवशी खोक्यातले शेवटचे तीन डबे मी ओळीची वाट न पाहता केले. मग पाच. मग रोज दुपारच्या सुट्टीआधीचे आठ-दहा डबे मी तसेच करू लागले. पांढऱ्या ओळी थांबल्या की लगेच टिकली. दिवा हिरवा. माझा पाव तास मला मिळाला. घरी पोचायचे तेव्हा पिशवी काठोकाठ नसायची. त्यांच्या तोंडात भाताचा घास देताना मला वाटायचं, मी कुणाचं काय घेतलं? वेळच तर घेतला. तोही त्या डब्याचा.

एक दिवस दोन स्टिकर एकापाठोपाठ हातात आले. स्टिकरवर बारीक अक्षरं आणि आकडे असतात, डब्याच्या किल्लीची खूण. अक्षरं मला कळत नाहीत, आकडे कळतात. दोन्हीवरचे आकडे सारखे होते. मी एक एक आकडा बोट ठेवून पाहिला. अक्षरांचे आकारही तेच. यंत्रानं एकच स्टिकर दोनदा छापला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग एक डबा खोक्याच्या तळाला घातला आणि दुसरा वर. जसं ते दूर दूर ठेवल्यानं वेगळे होणार होते.

म्हणजे मला ठाऊक होतं. काय चुकतंय ते कळत नव्हतं, पण चुकतंय हे कळलं होतं. हे मी इथं लिहून ठेवते, कारण नंतर सगळ्यांसमोर मी एवढं बोलले तरी ही गोष्ट सांगायची राहिली.

दीड महिन्यानं खोकी परत आली. सुपरवायझर सकाळीच ओरडत आत आले. एका इमारतीत दोन घरांची कुलपं एकाच किल्लीनं उघडत होती. मग आणखी एका ठिकाणी. सगळी खोकी आमच्याकडून गेलेली, आणि प्रत्येक खोक्यावर टेबलाचा नंबर. दाराजवळचं टेबल.

"हे तुमचं टेबल ना?" त्यांनी शेजारणीला विचारलं.

ती उठून उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बोल की आता, असं.

मी कीबोर्डकडे बघत राहिले.

"टेबल माजा हाय," ती म्हणाली. "पन मी काय चुकीचा केला नाय."

"मग कोणी केलं? भुतानं? दिवसभर बडबड, मस्करी. लक्ष कामात असतं का तुमचं?"

"मस्करी केली म्हनून कुलूप बिगारला? कंचे शालंत शिकलाव सायेब तुमी?"

ते वाक्य तिला महागात पडलं. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, म्हणाले. तिनं पाण्याची बाटली पिशवीत घातली. माझ्या खुर्चीमागून जाताना क्षणभर थांबली. मला तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. मी मागं वळले असते तर काहीतरी झालं असतं. मी वळले नाही.

चार दिवस. त्या चार दिवसांत मी सकाळी खोलीतून निघताना आधी दार किलकिलं करून बघायचे, ती ओट्यावर नाही ना. ती नेमकी असायची. कोळंबी सोलत, नाहीतर नुसतीच. एक शब्द बोलली नाही. भाड्याच्या खोलीतून हाकलूनही दिलं नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नवऱ्याला मी सांगितलं नव्हतं. पण पडून असलेल्या माणसाला घरातलं सगळं दिसतं. "आगं, जेवत का न्हाईस?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "कंपनीत खाल्लं." मला एकच हिशोब सुचत होता. मी बोलले तर काम जाईल. काम गेलं तर दुसरं मिळेल कुठंतरी, तुर्भ्याला, रबाळ्याला, पण तिथून दुपारी पळत घरी येता येणार नाही. मग पिशवी. मग ताप. मग ती वाजणारी कॉट. मी बोलले नाही तर एका बाईचं काम जाईल, जिचा मुलगा कमावतो, जिची चाळ आहे. असं मनात आलं की स्वतःचीच किळस यायची. आणि तरी पुन्हा तेच मनात यायचं.

आता मी ओळीची वाट पाहून डबे करत होते. प्रत्येक डब्याला. दुपारी घरी पोचायला उशीर व्हायचा. तिसऱ्या दिवशी पिशवी इतकी भरली होती की नळीत लघवी उलटी चढलेली दिसत होती. मी खाली बसले आणि तिथंच बसून राहिले. त्यांनी वरून माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात तेवढे चालतात त्यांचे.

पाचव्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअर मॅडम आल्या. पोरगेल्या, पाठीवर बॅग, खारघरहून येतात असं कुणीतरी म्हणालं. त्या दाराजवळच्या टेबलाशी, म्हणजे माझ्याच शेजारी बसल्या. लॅपटॉप उघडला. परत आलेले डबे एकेक करून तपासू लागल्या. सुपरवायझर मागे उभे.

"एकाच किल्लीचे अकरा डबे सापडलेत," त्या म्हणाल्या. "प्रश्न असा आहे की बाहेर अजून किती आहेत? एका खोक्यातले काही ठीक, काही बिघडलेले. नियम सापडत नाहीये. सापडला नाही तर शेकडो दारांवरून सगळंच काढावं लागेल, आणि तोवर ती दारं तशीच."

"त्या बाईला बोलवून दम देऊ का?" सुपरवायझर.

"दम देऊन काय होणार? त्यांना माहीत असतं तर सांगितलं असतं ना." मग त्या माझ्याकडे वळल्या, कारण मी सगळ्यात जवळ होते. "मावशी, सीवूड्सला एका बिल्डिंगमध्ये काय झालं माहितीये? एक माणूस ऑफिसातून आला, फोनवर बटण दाबलं, की त्याचं दार उघडायचं आणि समोरच्या आजींचंही. आजी एकट्या राहतात. त्यांना दिसायचं, दार आपोआप उघडतंय. आठवडाभर दाराला खुर्ची लावून, खुर्चीवर पाण्याची बादली ठेवून झोपायच्या. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हातारीला भास होतात म्हणतील, मुलगा येऊन घर बंद करून घेऊन जाईल, म्हणून."

त्या पुन्हा लॅपटॉपकडे वळल्या. मला ती बादली दिसू लागली. घाबरलेली, आणि कुणाला सांगता न येणारी बाई. तिची बादली मी ठेवली होती.

बोलायला तोंड उघडलं तर आवाज आला नाही. खरंच आला नाही. मग मी हात पुढं केला. मॅडमच्या समोरचा कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"मावशी, काय करताय?" सुपरवायझर ओरडले.

मी कोऱ्या डब्यांतला एक घेतला. वायर जोडली. ओळी धावल्या, थांबल्या. मी लगेच टिकली दाबली. हिरवा दिवा. स्टिकर आला, तो मॅडमसमोर टेबलावर चिकटवला. दुसरा डबा घेतला. पुन्हा तसंच. दुसरा स्टिकर पहिल्याखाली लावला. मॅडमनी वाकून बघितलं. आकडे वेगळे होते.

एवढं धाडस केलं आणि यंत्रानं साथ दिली नाही.

"हे काय चाललंय?" सुपरवायझर म्हणाले. "मॅडम, तुम्ही लक्ष देऊ नका."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "त्यांना करू द्या."

तिसरा डबा. वायर दोनदा निसटली. ओळी धावल्या, थांबल्या. टिकली. स्टिकर. मी तो लावला. मॅडमनी बोट पहिल्यावर ठेवलं, मग तिसऱ्यावर. एक एक अक्षर. त्यांचं बोट शेवटपर्यंत गेलं आणि तिथंच राहिलं.

"सेम," त्या हळूच म्हणाल्या.

मग आवाज आला माझा. "मी केलंय," मी म्हणाले. "टेबल तिचं. बसत मी होते. दुपारच्या सुट्टीआधीचे शेवटचे आठ-दहा डबे. खोक्यात सगळ्यात वरचे. एक तेवढा तळाला आहे."

मागच्या टेबलांवरची बटणांची टकटक थांबली होती.

"मावशी, तुम्ही?" सुपरवायझर म्हणाले. "तुमच्या तोंडातून तर शब्द निघत नाय. आणि हे धंदे?"

मॅडम मात्र रागावल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना नियम सापडल्याचं बरं वाटलं होतं. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते मला समजलं, म्हणून लिहिते. डबा चालू होतो तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. किती वाजले तेही नाही. सगळे डबे त्या घडीला हुबेहूब सारखे असतात. त्याला अशी किल्ली बनवायची असते जी दुसऱ्या कुणाची नसेल, आणि ती तो स्वतःच्या आतून काढू शकत नाही, कारण आत सगळं सारखंच आहे. त्यासाठी बाहेरची गडबड लागते. वायरमधून येणारे झटके, विजेतला चढउतार, आणि तुम्ही दाबलेली बटणं. कुठलं बटण दाबलं त्यानं फार फरक पडत नाही. एका दाबण्यापासून दुसऱ्या दाबण्यापर्यंत जो बारीकसा वेळ जातो तो महत्त्वाचा. तो कुणाचाच सारखा नसतो, तुमचाही दोनदा सारखा नसतो. असं पुरेसं गोळा झालं की डबा सांगतो, झालं. ती ओळ म्हणजे तेच. त्याच्याआधी किल्ली मागितली तर तो नाही म्हणत नाही, देतो. फक्त ती त्याची एकट्याची नसते.

मला हळदीकुंकवाला बक्षिसासाठी काढतात त्या चिठ्ठ्या आठवल्या. न हलवता काढल्या तर वरची तीच येणार.

"चूक तुमची आहेच," मॅडम म्हणाल्या. "पण तयार नसताना तो किल्ली देतोच कसा? त्यानं अडवायला हवं होतं. ते आम्ही लिहिलंय, म्हणजे ती आमची चूक. आता बदलते. ओळ आल्याशिवाय बटण चालणारच नाही." मग मला विचारलं, "पण तुम्ही घाई का करत होतात? खरं सांगा."

मी सांगितलं. पिशवी, पूल, पाव तास. दोन-तीन वाक्यांत संपलं. पुलावर इतके दिवस जुळवलेलं वाक्य एवढंसंच होतं.

सुपरवायझर मान खाली घालून उभे होते. "अहो, एकदा विचारायचं तर," ते म्हणाले. "पाव तासाचं काय एवढं? दिला असता."

हे ऐकून मला जे झालं ते लिहिता येत नाही. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी कंत्राटदाराचा फोन आला. उद्यापासून येऊ नका. मॅडमनी त्यांना फोन केला होता असं नंतर कळलं, पण कंत्राटी माणसांत त्यांचं काही चालत नाही. शेजारणीला परत बोलावलंय, हेही कंत्राटदारानंच सांगितलं.

चाळीत आले तेव्हा ती दाराच्या जाळीआड उभी होती. आत तेलात काहीतरी तळत होतं.

"तुम्हाला बोलावलंय उद्यापासून," मी म्हणाले.

"आला फोन."

"मी सांगितलं त्यांना. सगळं."

"चार दिस काय तोंडान बोंबील भरलेला तुजे?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"मना ठाव होता, तूच हायस. तुजा नाव सांगनार नव्हतो मी कोनाला. पन तुज्या तोंडातून ऐकायचा होता." तिचा आवाज चढला, मग उतरला. "पिशवी बदलायला मना का नाय सांगितलास? मी रोज दुपारी पोराचे गारीवर घरीच जेवायला येतो ना. दारासमोरून जातो तुजे."

तिला, घरमालकिणीला, नवऱ्याची लघवीची पिशवी ओत असं कसं सांगायचं? लाज वाटली म्हणून. एवढंच उत्तर होतं, आणि ते तिच्यासमोर उभं राहून देता येत नव्हतं.

"तुजा काय?" तिनं विचारलं. "तुला ठेवला का?"

"नाही."

तेल चुरचुरत होतं. ती आत गेली, गॅस बंद केला आणि परत आली, पण जाळी उघडली नाही. "जा, त्याला बग," म्हणाली.

आता ती दुपारी जेवायला येते तेव्हा मला तिची पावलं ओळखू येतात. आमच्या दारासमोर जरा हळू होतात. थांबत नाहीत. मीही दार उघडत नाही अजून. धीर होत नाही.

काम शोधते आहे. जवळपास, चालत येण्याजोगं. गेटवर गेले की आधी कामाचं विचारत नाही, आधी हेच विचारते, "दुपारी मला पाऊण तास घरी जायला लागेल, चालेल का?" आवाज लहान येतो, वॉचमन "काय?" म्हणतात, मग पुन्हा सांगावं लागतं. दोन ठिकाणी हसले. एका ठिकाणी म्हणाले, आजारी माणूस घरात असेल तर कामाला कशाला निघता? एका बाईंनी नीट ऐकून घेतलं, नंबर लिहून घेतला, फोन आला नाही. हे घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की ते भिंतीकडे बघतात. काल मात्र म्हणाले, "इचारलंस न्हवं? मग झालं." आणि हातानं खुणावलं, कूस बदल म्हणून.